हाडांशिवाय फऽ: घाटकोपरच्या दोन स्वयंपाकघरांतलं व्हिएतनामी नूडल सूप

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं. फक्त मापं हवी असतील तर सरळ 'एक पातेलं, चार बाउल' या भागावर जा.)

लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग कान द्या. आजचा भाग खाण्याचा आहे आणि थोडा शेजाऱ्यांचाही आहे.

आज आपण करणार आहोत फऽ. मेनू कार्डावर 'फो' असं लिहिलेलं असतं, पण व्हिएतनामी माणूस म्हणतो 'फऽ?' सूर किंचित खाली जातो आणि शेवटी वर येतो, प्रश्न विचारल्यासारखा. आई आतून हाक मारते आणि आपण मोबाइलमधून डोकं न काढता "हां?" म्हणतो ना, साधारण तसा.

फऽ म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स आणि त्यावर ओतलेलं गरम, स्वच्छ, मसाल्याचा वास असलेलं पाणी. त्याला मी आज 'कढण' म्हणणार आहे. रस्सा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तर्री येते, सार म्हटलं की आंबट काहीतरी. मुगाचं कढण असतं ना आजारी माणसाला देतात ते, त्यातला 'कढण' हा शब्द इथे बरोबर बसतो. पारंपरिक फऽचं कढण बीफच्या हाडांचं किंवा कोंबडीचं असतं आणि ते कित्येक तास मंद आचेवर ठेवतात.

मला ते करायचं होतं हाडांशिवाय. पूर्ण व्हीगन. पण चव 'डाएटवाल्यांचं भाज्यांचं सूप' अशी नको होती. कारण सांगतो.

डब्यातली केळी

मी घाटकोपरला राहतो. आम्ही मालवणी, त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवार घरात मासे. आमच्या शेजारी मासी राहतात, गुजराती जैन. मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांच्याकडून आमच्याकडे डबा येतो. कधी ढोकळा, कधी खांडवी, कधी नुसता गरम खाखरा. आता डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली पद्धत. तर आमच्याकडून त्या डब्यात काय जातं? केळी. नाहीतर साखर. गावाहून कोणी आलं असेल तर नारळ.

इतक्या वर्षांत आईच्या हातचं शिजलेलं काहीही त्या घरात गेलेलं नाही. भांडण वगैरे अजिबात नाही. ज्या भांड्यांत मासे शिजतात त्यातलं त्या खात नाहीत आणि आई कधी विचारत नाही. आपल्या उपनगरांत कोण काय शिजवतं यावरून सोसायट्यांमध्ये वाद होतात, भाड्याने घर मिळत नाही, पेपरात बातम्या येतात. आमच्या मजल्यावर तसलं काही नाही. फक्त केळी जातात.

तर एक दिवस डोक्यात आलं की असं काहीतरी करावं, जे आमच्या घरालाही चमचमीत वाटेल आणि मासीही खाऊ शकतील. ढोकळा त्यांच्यापुढे काय नेणार? काहीतरी दोघांनाही परकं हवं. आणि नेमका त्याच आठवड्यात बोरिवलीचा माझा मित्र व्हिएतनामहून परत आला.

तिथली 'चाय' म्हणजे चहा नव्हे

२०२२ पासून मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि आपल्यातला जो तो हनोईला निघाला. हा मित्र माळकरी घरातला, शुद्ध शाकाहारी. पहिले तीन दिवस बिचारा फळं आणि बटाट्याचे काप खाऊन राहिला. 'नो मीट' म्हणून सांगितलं की समोर भाज्या घातलेलं सूप यायचं. पण पाणी हाडांचंच आणि वरून फिश सॉस. त्यांच्या दृष्टीने त्यात मांस नव्हतंच, तुकडा कुठे दिसतोय?

चौथ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीने त्याला एक शब्द शिकवला: 'चाय'. उच्चार आपल्या हिंदी चहासारखाच. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवणं, 'फऽ चाय' म्हणजे शाकाहारी फऽ. जिथे 'चाय' अशी पाटी दिसेल तिथे बिनधास्त शिरायचं. मग उरलेले दिवस त्याची चैन झाली.

मला यात गंमत वाटली ती ही. आपल्याला वाटतं व्हीगन फऽ म्हणजे कुठल्यातरी कॅलिफोर्नियाच्या कॅफेत शोधलेली गोष्ट. तसं नाहीये. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरा जुनी आहे. मठांमध्ये तर रोजच शाकाहार. साधे घरगुती लोकही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय' पाळतात. म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण अमावास्या आणि पौर्णिमा. आपली आजी एकादशीला साबुदाणा भिजवते तसंच. त्यामुळे हाडांशिवाय फऽ करण्याची त्यांची स्वतःची रीत आहे, आपल्याला ती फक्त इथल्या बाजारात बसवायची आहे.

अजून एक. मठातल्या 'चाय' स्वयंपाकात पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य असतात. कांदा, लसूण, पातीचा कांदा आणि त्यांचीच भावंडं. त्या जुन्या यादीतली पाचवी गोष्ट म्हणजे हिंग, असं मानतात. गंमत बघा, आपल्याकडे कांदा-लसूण सोडणारा माणूस हिंग घालतो, आणि तिकडे कांद्याबरोबर हिंगही बाहेर!

चव येते कुठून?

इतिहास थोडक्यात उरकतो. फऽ फार प्राचीन नाही. उत्तर व्हिएतनाममध्ये नाम दिन्ह आणि हनोईच्या भागात, साधारण एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होताना, फ्रेंच राजवटीत ते रूपाला आलं. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फऽही त्यांच्याबरोबर सायगावला गेलं. म्हणून आजही दोन चवी आहेत. उत्तरेचं साधं, कढणावर भर. दक्षिणेचं थोडं गोडसर, सोबत ताटलीत पालेभाजी, मोड, लिंबू, मिरची.

आता माझी पहिली फजिती. मी यूट्यूब न बघता, आत्मविश्वासाने, कांदा तेलात परतला, आलं-लसूण पेस्ट घातली, गरम मसाला टाकला आणि पाणी ओतलं. जे झालं ते चाखून आई म्हणाली, "यात डाळ घाल, आमटी तरी होईल."

बरोबर होतं तिचं. फऽमध्ये सुरुवातीला फोडणी नाही. हळद नाही. कुटलेला मसाला नाही. आपण चव तेलात काढतो, ते चव पाण्यात काढतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. चवीचे पाच धागे आहेत.

पहिला, करपवणं. कांदा आणि आलं सालासकट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं. आता हे आपल्याला नवीन आहे का? मालवणी वाटणासाठी आई गॅसवर जाळी ठेवून कांदा आणि सुकं खोबरं भाजतेच की. तोच हात, तोच वास. फरक एवढाच की इथे वाटायचं नाही, करपलेली साल काढून अख्खं पाण्यात सोडायचं. फऽला जो किंचित धुराचा वास असतो तो इथून येतो.

दुसरा, खडे मसाले. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, धणे, बडीशेप. डबा उघडून बघा, गोड्या मसाल्याच्या तयारीतलं निम्मं सामान इथेच आहे. व्हिएतनामी मसाला वेलची आपल्या मोठ्या काळ्या वेलचीची चुलत बहीण, दोन्ही विस्तवावर वाळवतात म्हणून दोन्हींना धुराचा वास. मसाले कोरडे भाजायचे, अख्खे ठेवायचे.

तिसरा, गोडवा. हाडांच्या कढणाला हळू गोडवा असतो. 'चाय' कढणात तो मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि उसाच्या कांड्यांतून आणतात. हो, ऊस! आणि आपल्याकडे प्रत्येक स्टेशनबाहेर रसवाला आहे. त्याच्याकडे जाऊन "दादा, रस नको, नुसतं एक कांडं द्या" म्हणा. तो आधी संशयाने बघतो, मग देतो.

चौथा, जिभेवर रेंगाळणारी ती भरीव चव. तिला जपानी शब्द आहे, उमामी. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढून दाखवलं, की ही चव यातून येते. पुढच्याच वर्षी ते पांढऱ्या दाण्यांच्या रूपात बाजारात आलं, अजिनोमोटो. आपल्याकडे हे नाव काढलं की काकू लोक दचकतात. पण तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, सोया सॉसमध्ये असतं. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये त्याचा जोडीदार असतो, ग्वानिलेट. हे दोघं एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कैक पटीने वाढते. म्हणून सोया सॉस आणि सुकं मशरूम ही जोडी ठेवायची. ती असली की दाणे न घालताही भागतं. घातलेत तर चिमूटभर, लपवू नका एवढंच.

पाचवा, तेल. हाडांच्या कढणावर चरबीचे बारीक गोल डोळे तरंगतात. ते नसतील तर कढण कितीही चांगलं असो, पाणचट लागतं, कारण वास तेलावर बसून नाकापर्यंत येतो. म्हणून कांद्याचं तेल करून शेवटी वरून सोडायचं. फोडणी शेवटी, म्हणा हवं तर.

बाजारहाट

मुळा, गाजर, कणसं, कोबी, कोथिंबीर, लिंबू हे स्टेशनबाहेर एका फेरीत होतं. खडे मसाले कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे. सुके शिताके आणि तांदळाच्या चपट्या नूडल्स मोठ्या सुपरमार्केटात किंवा दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपवर मिळतात. मी मेट्रोने अंधेरीला जाऊन आणले. नूडल्सच्या पाकिटावर 'राइस' लिहिलंय आणि घटकांत तांदूळ आहे, गहू नाही, हे बघून घ्या.

दोन गोष्टी मात्र तुमच्या घरातच आहेत. फऽबरोबर जी बेझिलची पानं देतात, ती शोधत महागड्या दुकानात फिरू नका. फालुद्यात घालतो तो सब्जा, त्याचं झाड म्हणजे बेझिलच. किराणातला सब्जा कुंडीत पेरा, वरून चिमूटभर माती, रोज थोडं पाणी, खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन येतं तिथे ठेवा. दीड-दोन महिन्यांत पानं खुडता येतात. तुळस घालू नका, तिचा वास वेगळा आणि फार उग्र पडतो.

दुसरी गोष्ट, मोड. त्यांचे लांब पांढरे मोड म्हणजे आपलेच हिरवे मूग. आपण उसळीसाठी मोड दिसला की थांबतो. ते चार-पाच दिवस अंधारात, दिवसातून दोन-तीनदा पाणी घालून वाढवतात. चाळणीत घालून, वर ओलं फडकं आणि ताटली झाकून कपाटात ठेवा, झालं.

एक पातेलं, चार बाउल

आदल्या रात्री ७-८ सुके शिताके अर्धा लिटर थंड पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात घाई करू नका, सावकाश भिजले की चव जास्त सुटते. ते पाणी फेकायचं नाही, तेच सोनं आहे.

दुसऱ्या दिवशी:

१. दोन मोठे कांदे अर्धे करा, बोटभर लांबीचे आल्याचे दोन तुकडे घ्या. सालासकट गॅसवर जाळीवर ठेवा, दहा-बारा मिनिटं, सगळीकडून काळे डाग येईपर्यंत. एक्झॉस्ट चालू करा. मग करपलेली साल चोळून काढा, थोडे डाग राहिले तरी चालतात.

२. मोठ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी, त्यात भाजलेला कांदा आणि आलं, एक मुळा आणि दोन गाजरं जाड तुकडे करून, दोन कणसं तोडून, पाव कोबी, उसाची सोललेली वीतभर कांडी उभी चिरून. ऊस नसेल तर एक सफरचंद. शिताके आणि त्यांचं पाणी, तळाचा गाळ मागे ठेवून.

३. उकळी आली की आच मंद करा. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच. झाकण अर्धवट. एक तास. त्याहून जास्त नको, कोबीचा उग्र वास यायला लागतो. हाडांना बारा तास लागतात, भाज्यांना नाही.

४. कोरड्या तव्यावर ४ चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, १ मसाला वेलची जरा ठेचून, ४ लवंगा, एक मोठा चमचा धणे, एक छोटा चमचा बडीशेप. वास सुटला की लगेच उतरवा. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधा आणि शेवटचा अर्धा तासच पातेल्यात सोडा. जास्त वेळ राहिली तर कढणाला औषधाच्या दुकानाचा वास येतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

५. गाळून घ्या. भाज्या पिळू नका, पिळल्या की गढूळ होतं. शिताके बाजूला काढून काप करा. कढणात दोन छोटे चमचे मीठ आणि दोन-तीन मोठे चमचे सोया सॉस. चाखा. नुसतं प्यायला किंचित खारट वाटलं पाहिजे, कारण नूडल्स अळणी असतात आणि त्या मीठ खातात.

६. दोन मोठे चमचे तेलात एका कांद्याचे पातळ काप सोनेरी तळा. काप वेगळे, तेल वेगळं. दोन्ही ठेवा.

७. टोफूचे तुकडे त्याच कढईत थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी लाल करा. पनीर नको. व्हीगन नाही हे एक, आणि दुधाचा वास कढणाशी भांडतो.

८. नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. मग उकळत्या पाण्यात अर्धं ते एक मिनिट, लगेच चाळणीत, वरून गार पाणी. कढणात शिजवायच्या नाहीत, त्यांच्या पिठाने सगळं दाट होतं.

आता बाउल. तळाशी नूडल्स, वर टोफू आणि शिताके, कच्च्या कांद्याचे अगदी पातळ काप, कोथिंबीर. कढण खळखळून उकळवा आणि ओता. वरून कांद्याच्या तेलाचे अर्धा चमचा थेंब. बाजूला ताटलीत सब्जाची पानं, मोड, लिंबाची फोड, मिरचीचे काप. आधी एक घोट नुसत्या कढणाचा घ्या, मग लिंबू पिळा.

कुकर चालेल का? मला माहीतच होतं हे कोणीतरी विचारणार. चालेल, पण शिट्टी होते तेव्हा आतलं पाणी एकदम उसळतं, भाज्या फुटतात आणि कढण गढूळ होतं. घाईच असेल तर मंद आचेवर दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जाऊ द्यायची, आणि मसाल्याची पुरचुंडी मात्र झाकण उघडल्यावर, साध्या उकळीत.

आमच्या घरी पहिल्यांदा नीट जमलं त्या दिवशी बाबांनी दोन बाउल घेतले. आई म्हणाली, "वाटण न घालता वाटणाचा वास येतोय." मला पास झाल्यासारखं वाटलं.

मासींची यादी

मग मी मासींकडे गेलो, कागद-पेन घेऊन. काय चालतं, काय नाही?

कांदा नाही, लसूण नाही. ठीक, मठातही नाही. मग त्यांनी पुढे यादी सुरू केली: आलं नाही, मुळा नाही, गाजर नाही, म्हणजे जमिनीखालचं काहीच नाही. मशरूम नाही. कोबी त्या घेत नाहीत. मोड आलेले मूगही त्यांच्या घरात चालत नाहीत. सोया सॉसची बाटली हातात घेऊन उलटसुलट केली, आंबवलेलं आहे म्हटल्यावर शांतपणे परत ठेवली. आणि सगळं सूर्यास्ताच्या आत.

मी जिन्यात बसून हिशेब केला. पाच धाग्यांतले साडेतीन तुटले होते.

पण करपवायला कांदाच लागतो असं कुठे आहे? विस्तवाचा वास हवा. कणीस भाजा! पावसाळ्यात आपण दुसरं काय करतो? दोन कणसं गॅसवर दाणे काळे होईपर्यंत भाजली, दोन टोमॅटो आणि एक ढोबळी मिरचीही. आल्याच्या जागी सुंठ, वाळलेली असल्यामुळे ती त्यांना चालते. गोडव्याला ऊस, सफरचंद आणि दुधी. भरीव चवीला ते भाजलेले टोमॅटो, अख्खेच सोडायचे, ठेचायचे नाहीत, आणि अर्धी वाटी सोयाबीन कोरडे खमंग भाजून फडक्यात बांधून. खडे मसाले सगळे चालले. तेलात कांद्याऐवजी बारीक चिरलेली ढोबळी मिरची आणि थोडे तीळ. मीठ.

तुमच्या शेजारच्यांची यादी वेगळी असेल. घराघरांत नियम वेगळे असतात, चातुर्मासात आणखी बदलतात. अंदाज बांधू नका, विचारा. विचारलेलं कोणालाही आवडतं.

आणि भांडी? ती मी विचारलीच नाहीत. म्हटलं, "मासी, तुमच्याच किचनमध्ये करू या का? तुमची भांडी, तुमचं पाणी. मी फक्त सामान आणतो, ते पण तुम्ही निवडा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तारी मम्मीने पण लाव." तुझ्या आईलाही घेऊन ये.

ओल्या पापडीच्या नूडल्स

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघं शेजारी गेलो. आईने त्या दिवशी सकाळी घरात मासे केले नाहीत. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पातेलं चढलं आणि मग नूडल्सच्या पाकिटावर गाडी अडली. मासींना पाकीटबंद गोष्ट नको होती. त्या उठल्या आणि माळ्यावरून वाफेचा स्टँड काढला, चकत्यांचा, ज्यावर उन्हाळ्यात तांदळाच्या पापड्या करतात. आई लगेच म्हणाली, "अहो, ही तर आमची सालपापडी!"

आणि खरंच, फऽच्या ताज्या नूडल्स अशाच होतात. तांदळाचं पातळ पीठ वाफवायचं, पातळ पापुद्रा सोलायचा, आणि आपण जो उन्हात वाळवतो तो त्यांनी ओलाच पट्ट्या कापून वाडग्यात घातला. प्रमाण लिहून घ्या: एक वाटी बारीक तांदळाचं पीठ, पाव वाटी कॉर्नफ्लोअर किंवा साबुदाण्याचं पीठ, पावणेदोन वाट्या पाणी, मीठ, एक चमचा तेल. अर्धा तास झाकून ठेवा. प्रत्येक वेळी ढवळा, पीठ तळाशी बसतं. ताटलीला तेलाचा हात, त्यावर पातळ थर, दोन-तीन मिनिटं वाफ. जरा गार होऊ द्या, मग कडेने सोलून घ्या. एकमेकांवर ठेवताना मध्ये तेलाचं बोट फिरवा. बोटाच्या नखाएवढ्या रुंद पट्ट्या कापा आणि त्याच दिवशी खा, फ्रिजमध्ये त्या कडक होतात. स्टँड नसेल तर इडलीपात्रात बसणारी स्टीलची ताटली पुरे.

मी कढणाजवळ उभा होतो आणि त्या दोघी पापड्या सोलत होत्या. कोणाची जास्त पातळ होते, यावर थोडी स्पर्धाही झाली. मासींची जिंकली.

साडेपाचला बाउल भरले. रंग माझ्या घरच्या कढणापेक्षा लालसर होता, टोमॅटोमुळे. शिताकेची खोली नव्हती, हे खरं सांगतो. पण भाजलेल्या कणसाचा धूर आणि चक्रीफूल असं काही जुळलं होतं की बोरिवलीच्या मित्राला घोटभर पाजल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. हे बीफच्या फऽसारखं लागतं का? नाही. कोणी 'अगदी सेम लागतं' म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. हे 'फऽ चाय' आहे. त्याची तुलना मठातल्या पातेल्याशी करायची, आणि तिथे ते मान खाली घालत नाही.

मासींनी पहिला घोट घेतला. आई त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. मासी म्हणाल्या, "मीठुं ओछुं छे." मीठ कमी आहे. आई म्हणाली, "मी सांगत होते याला!" आणि मिठाची बरणी मासींनी आईच्या हातात दिली.

परवा मासींचा डबा आला, ढोकळ्याचा. आईने तो धुऊन ओट्यावर ठेवला आणि त्यात केळी घातली नाहीत. तिने एक नवीन स्टीलचं पातेलं आणलंय. त्यात आमच्याकडे काहीच शिजणार नाही, ते मासींच्या फडताळात राहतं. रविवारी ती तिकडे जाऊन त्यात काहीतरी करते, आणि डबा तिथेच भरून येते.

तर मंडळी, करून बघा. ऊस मिळाला का, सब्जा उगवला का, पापडी ताटलीला चिकटली का, सगळं आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. चिकटली असेल तर आधी सांगतो, थर जाड झालाय किंवा सोलायची घाई केलीय. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत मीठ चाखून घाला.